खाऱ्या जमिनीतली सवत

टँकरकाकांनी उभ्या आयुष्यात गोडं पाणी वाहिलं आणि घर बांधलं ते खाऱ्या पाण्यावर. नोकरी पाण्याच्या टँकरवरची, म्हणून लहानथोर सगळे त्यांना टँकरकाकाच म्हणत. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हा वस्तीच्या टोकाला एक प्लॉट स्वस्तात मिळत होता. तो का स्वस्त आहे हे विचारायला ते विसरले नाहीत. विकणारा म्हणाला, "टोकाला आहे ना, म्हणून." ते खरंच होतं, पण निम्मंच खरं होतं.

उरलेलं निम्मं घर बांधून झाल्यावर कळलं. जागा सखल. चहूकडचं पाणी जमिनीखालून इथे येऊन साचायचं आणि उन्हाने वर ओढलं गेलं की मागे मीठ ठेवून जायचं. कडक उन्हात मागचं अंगण पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसे. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे. त्या पाण्यात धुतलेले कपडे वाळले की पुठ्ठ्यासारखे ताठ व्हायचे. भिंतींचा गिलावा गुडघ्याच्या उंचीपर्यंत फुगायचा आणि हात लावला की भुरभुर खाली यायचा. नळाला थोडा वेळ गोडं पाणी येई, ते पिण्यापुरतंच.

"पदरी पडलं, पवित्र झालं," काकू म्हणाल्या आणि शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी लावून कामाला लागल्या. त्या बायकांचे कपडे शिवत. हाताला वेग होता, बोलणं तोलूनमापून.

काकांना मात्र स्वस्थ बसवेना. त्यांनी लिंबू लावलं, ते गेलं. डाळिंब लावलं, ते वर्षभर कुढत राहिलं आणि मग गेलं. गुलाबाने तर आठवडाही काढला नाही. प्रत्येक वेळी काकू खिडकीतून पाहायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. ते न म्हणणं काकांना जास्त लागायचं.

शेवटी एक दिवस ते सरकारी रोपवाटिकेत गेले. तिथे त्यांनी टँकरने पाणी पोहोचवलेलं होतं, त्यामुळे माळी ओळखीचा. माळ्याने सगळं ऐकून घेतलं, त्यांना मागच्या कुंपणापाशी नेलं आणि राखाडी पानांच्या एका झुडपाकडे बोट दाखवलं.

"याची पानं धुवायची राहिली वाटतं," काका म्हणाले. पानांवर बारीक राख उडाल्यासारखी दिसत होती.

"धूळ नाही ती. चाटून बघा."

काकांनी एक पान तोडून जिभेला लावलं. खारट. चांगलंच खारट.

"जमिनीतलं मीठ ओढतं आणि पानावर आणून ठेवतं," माळी म्हणाला. "पाणी नसलं तरी तग धरतं. मेंढ्या खातात, माणसंही खातात. आम्ही नुसतं खारं झुडूप म्हणतो."

"आणि माझ्याकडे जगेल?"

"तुमच्याकडे नाही जगलं, तर कुठेच जगायचं नाही."

माळ्याने बोटाएवढ्या जाड काड्या छाटून ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. काकांनी खालची पानं काढून त्या वाळूत खोचल्या, सावलीत ठेवल्या आणि पिण्याच्या पाण्यातलं पाणी त्यांना घातलं. त्यावरून घरात एकदा वाजलंही. मुळं धरल्यावर त्यांनी ती रोपं मागच्या भिंतीच्या कडेने लावली आणि हळूहळू बोअरच्या पाण्यावर आणली. मग आपण काहीतरी चुकीचं करतोय अशी धाकधूक मनात ठेवून ते वाट पाहत बसले.

झुडपं मेली नाहीत. आधी गुडघ्याला आली, मग कमरेला, आणि दोन-तीन वर्षांत भिंत दिसेनाशी झाली. अंगणातला पांढरा थर काही नाहीसा झाला नाही, पण थोडा विरळ झाला. कमी झाल्यासारखा वाटत होता की खरंच झाला होता, यावर काका आणि काकूंचं कधीच एकमत झालं नाही.

आता काका निवृत्त झाले होते आणि त्यांचा दिवस मागच्या अंगणात उगवायचा आणि तिथेच मावळायचा. फांदी छाट, कोवळे शेंडे खुड, सुकी पानं झाड. कुणी कपडे शिवायला आलं आणि "काका कुठे दिसत नाहीत?" असं विचारलं की काकू मशीनवरून मान न उचलता सांगायच्या, "सवतीकडे आहेत." विनोद वस्तीभर झाला. रस्त्यात भेटलेला माणूस काकांची प्रकृती विचारण्याआधी सवतीची विचारायचा. काकाही गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "उत्तम आहे. काल केस कापले."

खाण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःच सुरू केले. पहिल्यांदा शेंडे तसेच परतले, तर तोंडात घालवेना. मग उकळून पाणी टाकून दिलं आणि पुन्हा परतले, तेव्हा भाजी खाण्याजोगी झाली. तेलात तळली की पानं काचेसारखी कुरकुरीत व्हायची. पण त्यांचा खरा जीव जडला तो पानांच्या भुकटीवर. पानं सावलीत वाळवायची, चुरायची, चाळायची आणि बरणीत भरायची. अंड्यावर, बटाट्यावर, सूपमध्ये, जिथे मीठ घालायचं तिथे ही भुकटी. तिला मिठापेक्षा वेगळी, हिरवट अशी चव होती. काकूंनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण पुढे त्याही न सांगता बरणीकडे हात करू लागल्या.

छाटलेल्या फांद्या एक मेंढपाळ घेऊन जाई. पहिल्या दिवशी त्याच्या मेंढ्या फाटकापाशीच फांद्यांवर तुटून पडल्या आणि मग दाराशी ठेवलेलं पाण्याचं अख्खं पिंप त्यांनी रिकामं केलं. मेंढपाळ म्हणाला, "हे खाल्लं की पाणी लागतंच. नाहीतर आजारी पडतात." काकांनी ते ऐकलं. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असंही नाही. मेंढ्यांची गोष्ट म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं, एवढंच.

त्यानंतर अक्का राहायला आल्या.

अक्का काकांच्या मोठ्या बहीण. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी जन्म घालवलेला. शेकडो माणसांच्या स्वयंपाकाचं मीठ-तिखट त्या नुसत्या वासावरून कमी-जास्त करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. अक्का एकट्या राहत आणि एकटेपणाचं कौतुक करून घेत. मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बरं वाटल्यावर डॉक्टरांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यातली अक्कांनी एकच नीट ऐकली. मीठ बंद.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद."

अक्का भावाकडे आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. काकू त्यांचं जेवण वेगळं करायच्या, अळणी. अक्का ताटाकडे पाहायच्या, दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. एकदा म्हणाल्या, "हे जेवण नव्हे, औषधाच्या गोळ्या गिळण्यापुरती सोय आहे." काकूंनी लसूण वाढवून पाहिला, लिंबू पिळून पाहिलं. अक्का नम्रपणे "छान झालंय" म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई नम्र झालेली काकांना पाहवेना.

"अगं, आपली भुकटी आहे की," एका दुपारी ते स्वयंपाकघरात काकूंना म्हणाले.

"ती खारट आहे."

"खारट आहे, पण मीठ नाहीये. पाला आहे तो. मेथी-पालक खाऊ का म्हणून कुणी डॉक्टरला विचारतं का?"

"मी विचारलं असतं," काकू म्हणाल्या.

पण विचारलं कुणीच नाही. काकांनी अक्कांच्या भाजीवर भुकटी पेरली. अक्कांनी पहिला घास घेतला, थांबल्या, भावाकडे पाहिलं, आणि दुसरा घास घेतला. ताट पुसल्यासारखं स्वच्छ झालं. त्या दिवसापासून अक्का जेवू लागल्या, बोलू लागल्या, काकूंच्या फोडणीत चुका काढू लागल्या. घरात जान आली. काकूंच्या मनात पाल चुकचुकत होती, पण ताट रिकामं होत होतं, आणि रिकाम्या ताटापुढे बोलणं त्यांना जमलं नाही. पुढे त्या हे स्वतःच सांगायच्या, कुणी न विचारता.

महिनाभरात अक्कांची पावलं सुजली. चपला घट्ट होतात म्हणून त्या काकांच्या चपला घालू लागल्या आणि त्यावरही हसल्या. मग एका सकाळी मागच्या अंगणातून वर येताना त्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. श्वास घेता येईना. ओठ निळसर झाले. काकूंनी हातातलं कापड तसंच टाकलं, काकांनी रिक्षा आणली आणि अक्कांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं भरभर. छातीत पाणी साठलंय म्हणाल्या. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि मग पलंगाशी उभं राहून विचारलं, "जेवणात मीठ किती आहे?"

"चिमूटभरही नाही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

दुपारी दवाखान्याचं जेवण आलं. अळणी खिमट. काकांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. घाईघाईत घरून निघताना, बहिणीला तिथलं जेवण जाणार नाही म्हणून, त्यांनी ती आठवणीने घेतली होती. ती उलगडताना त्यांचा हात थांबला. ते पुडी तशीच घेऊन बाहेर गेले आणि व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंच्या पुढे धरली.

"हे चालतं ना? झाडाचा पाला आहे. माझ्याच दारातला."

बाईंनी बोट ओलं करून पुडीत टेकवलं, जिभेला लावलं आणि लगेच बेसिनपाशी जाऊन थुंकल्या.

"हे मीठच आहे हो."

"पाला आहे."

"पाला असेल, पण मीठ पिऊन बसलेला आहे. किती दिवस देताय?"

काकांनी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पुडी त्यांनी परत दिली नाही, इतकंच. औषधं बदलली आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. काका व्हरांड्यातल्या बाकावर बसले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. कुणी चार शब्द सुनावले की माणूस निदान त्यांना उत्तरं तरी देत बसतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी अक्कांना उशीला टेकून बसता येऊ लागलं. सूज उतरली होती, चेहरा लहान दिसत होता. काकू घरी गेल्या होत्या. काकांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं. मग म्हणाले, "अक्का, माझ्यामुळे झालं हे. त्या भुकटीत मीठच होतं. मला कळायला हवं होतं."

"मला कळलं होतं," अक्का म्हणाल्या.

काकांनी वर पाहिलं.

"अरे धाकट्या, शेकडो माणसांच्या जेवणात मीठ घातलंय मी. पहिल्या घासालाच कळलं मला, हे काय आहे ते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बंद केलं असतंस."

काका उठून उभे राहिले. मोठ्या बहिणीपुढे आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं. "म्हणजे माझ्या हाताने मरणार होतीस? आणि मग मी काय करायचं होतं? तू गेल्यावर मी त्या झाडाखाली बसून काय करायचं होतं, सांग ना!"

शेजारच्या पलंगावरच्या बाईने कूस बदलली. नर्सने दारातून डोकावून पाहिलं. अक्का पांघरुणाच्या कडेशी चाळा करत राहिल्या.

"तुझा विचार केला नाही मी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? घासाचा केला. इतक्या दिवसांनी तोंडाला चव आली होती. तुझा विचार मनात आलाच नाही."

काका दवाखान्यातून चालत घरी आले. रस्ता लांबचा होता, उन्हाचा होता. आल्या आल्या त्यांनी कोयता घेतला आणि मागे गेले. काकू मशीनवर होत्या. कापल्याचे आवाज ऐकून त्या उठल्या, दारात उभ्या राहिल्या. फांद्यांचा ढीग पडला होता. काका घामाने निथळत होते आणि एका बुंध्याशी झटत होते. तो हलत नव्हता. मुळं किती खोल गेली असतील, देव जाणे.

"झाडाने काय केलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही."

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला कोयता घेतला. काकांनी तो सोडला. त्या दोघांनी मिळून फांद्या फाटकापाशी ओढल्या आणि संध्याकाळी मेंढपाळ त्या घेऊन गेला. जाताना म्हणाला, "एवढं छाटलंत? बरं केलंत. आता दाट फुटेल."

तसंच झालं. अक्कांना घरी सोडलं तोवर प्रत्येक खुंटावर राखाडी कोंब आले होते. काका ना झाडाकडे जात होते, ना अक्कांशी बोलत होते. त्यांना औषध वेळेवर द्यायचे, पाण्याचा पेला हातात ठेवायचे, आणि तोंड फिरवायचे. एका घरात दोन माणसांनी अबोला धरला की तिसऱ्याला दुप्पट बोलावं लागतं. ते काम काकूंवर आलं आणि त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. आठवडाभर त्यांनी तग धरला. मग एका सकाळी त्या दोघांच्या मध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "मला कपडे शिवायचेत. तुमचे निरोप पोहोचवायला मला वेळ नाही."

अक्का हसल्या. काका हसले नाहीत, पण म्हणाले, "चहा घेतेस का?"

"घेते," अक्का म्हणाल्या. एवढ्यावर अबोला सुटला. झालं गेलं त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. काकांच्या मनातून ते गेलं का, हे सांगणं कठीण. अक्कांच्या ताटाकडे ते पुढे कायम एकदा पाहून घ्यायचे.

झाडाकडे काकांना परत नेलं ते अक्कांनी. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची खुर्ची असायची. तिथून त्या हुकूम सोडायच्या. शेंडे कोवळे आण, ते जून आहेत. पाणी बदल. आणखी एकदा उकळ. पिळून घे, तुझ्या टँकरचं फडकं पिळतोयस असं समज. त्या पाल्यात त्यांनी भाजलेले तीळ घालून पाहिले, कांदा घालून पाहिला आणि शेवटी तो पावाच्या पिठात मळायला लावला. पिठात वेगळं मीठ नाही, पाल्याचंच पुरे. चाखायला काकू आणि काका. अक्का नुसता वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "किंचित जास्त आहे," आणि ते जास्तच असायचं. चौकातल्या बेकरीवाल्याने तो पाव खाल्ला आणि पाला मागून नेला. आता त्याच्याकडे ते पाव मिळतात. काउंटरवर, काकांनी हट्टाने लावायला सांगितलेली एक पाटी आहे: या पावात खाऱ्या झुडपाचा पाला आहे, ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी खाऊ नये. बेकरीवाला कुरकुरतो की पाटीने गिऱ्हाईक बिचकतं. काका म्हणतात, "पाटी काढलीस तर पाला बंद."

काड्या मागायलाही लोक येऊ लागले. त्या टोकाच्या सगळ्याच प्लॉटांना तोच रोग होता. काका काडी द्यायचे, पण आधी घरातल्या माणसांची चौकशी करायचे. कुणाला बीपी? कुणाचं हृदय? मूत्रपिंड? एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, कुंपणाला काडी मागतोय, मुलगी नाही." काकांनी सगळी उत्तरं घेतल्याशिवाय काडी दिली नाही.

दोन वर्षांनी अक्का मुलीकडे गेल्या. मुलीला तिकडे घर मिळालं होतं आणि आईला सांभाळायची आता तिची पाळी, असं तिचं म्हणणं. निघताना अक्कांनी एका लहान कुंडीत रुजलेली काडी मागितली.

"कशाला?" काकांनी विचारलं.

"बघायला."

काकांनी दिली. काकूंनी कुंडी कापडात बांधून दिली, माती सांडू नये म्हणून.

मग अक्कांचे फोन येत. तब्येत बरी आहे, लिफ्ट बिघडली आहे, जावई घोरतो. एका रविवारी त्या म्हणाल्या, "झाड चांगलं वाढलंय रे, बाल्कनीत मावत नाही. पण पान बेचव आहे. तुमच्याकडच्यासारखं खारट नाही."

"नसणारच. तिकडची माती गोडी, पाणी गोडं. मीठ नाही तर ते देणार कुठून? खाल्ल्या मिठालाच जागतं ते."

"थोडी माती पाठवतोस का तुझ्याकडची?"

"नाही."

"बरं."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पण तुला कसं कळलं, बेचव आहे ते?"

पलीकडून कसलंसं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"चाखते आणि थुंकते," अक्का म्हणाल्या. "लेकीच्या शपथेवर सांगते."

काकांनी फोन ठेवला. काकूंनी बाही जोडता जोडता विचारलं, "काय म्हणतात?"

"थुंकते म्हणाली."

"हं," काकू म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला खिडकीशी सरकल्या. फाटकावर मेंढपाळाची हाक आली, तशी काका छाटणीची कात्री घेऊन मागे गेले.